सिमेंटचा पत्रा आणि आपली छाती

(शिळफाटा इथं जयंतीच्या तयारीसाठी जमलेल्या तरुणांपुढं केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



मला इथं भाषणाला बोलावलेलं नाही. जयंतीच्या आत विहाराच्या बाजूची भिंत आणि मागच्या खोल्यांची रांग निळी करायची आहे. किती लिटर रंग, किती माणसं, किती दिवस, एवढा हिशोब सांगायला तुम्ही एक पेंटर बोलावलात. तो पेंटर मी. हिशोब देणार आहे, पळून जात नाही. पण त्याआधी माझं ऐकून घ्या.

मघाशी येताना मी बघितलं. तीन पोरं तारेचा ब्रश घेऊन ती भिंत घासत होती. कोरडी. भर उन्हात. तोंडाला रुमाल बांधलेला. पांढरी धूळ उडत होती आणि खाली एक बाई तांदूळ निवडत बसली होती. कार्यकर्त्यांचा एवढा उत्साह बघून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी बोंबललो. पोरांना वाटलं, म्हातारा तापट आहे. तापट आहेच. पण मी त्यापायी बोंबललो नाही.

ती भिंत म्हणजे सिमेंटचा पत्रा आहे. आणि तुम्ही ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणता, त्याच्या पोटात ॲस्बेस्टॉस आहे. नाव इंग्रजी वाटतं, मूळ ग्रीक आहे. अर्थ, जे विझत नाही ते. दगडातून निघणारा तंतू. जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. कापसासारखा पिंजता येतो. सिमेंटमध्ये कालवला की पातळ पत्रासुद्धा वजन पेलतो. जुन्या पत्र्यात साधारण दहा-पंधरा टक्के हा तंतू आणि बाकी मुख्यतः सिमेंट. जे आगीत जळत नाही, पाण्यात कुजत नाही, ते तुमच्या छातीत गेल्यावर तरी का कुजेल? नाही कुजत. तिथंच बसतं. वीस वर्षं बसतं, चाळीस वर्षं बसतं, आणि मग हिशोब मागतं.

आता कोणी म्हणेल, मग आपल्या बापानं हा पत्रा घातला कशाला? अक्कल नव्हती का? होती. ऐका.

आपल्या आजोबाचं घर कारवीच्या कुडाचं. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमातीचा लेप. घाटाखालचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. खोपोलीत ढग एकदा बोरघाटाला अडला की चार-चार दिवस हलत नाही. दर दिवाळीला कूड नव्यानं सारवायचा, वाळवी लागलेल्या काठ्या बदलायच्या, वरचं गवत शाकारायचं. गावकुसाबाहेर राहायचं आणि गवतासाठी, कारवीसाठी पाटलाच्या नाहीतर जंगल खात्याच्या दारात उभं राहायचं. अशा माणसाला कोणीतरी सांगितलं, हा पत्रा घे. जळत नाही, गंजत नाही, टिनापेक्षा कमी तापतो, स्वस्त आहे. चार खांब उभे कर आणि ठोक. तो म्हणाला, ठोक! त्याच्यासाठी पत्रा म्हणजे लाचारीतून सुटका होती. पत्र्याच्या घराला हसणारे हसू देत. मी हसणार नाही. माझा जन्म त्याच पत्र्याखालचा.

म्हणून माझा राग बापावर नाही. ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी सांगितलं नाही, त्यांच्यावर आहे.

कोणाला माहीत होतं? विलायतेत रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथं ॲस्बेस्टॉस कातायच्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची एक बाई कामाला होती. आपल्या गिरणीतल्या बाया असायच्या तशीच. छाती भरून ती १९२४ साली मेली. वय फक्त ३३. डॉक्टरनं तिची फुफ्फुसं तपासली, आत दगडाचे तंतू सापडले. पुढं त्या रोगाला ॲस्बेस्टॉसिस हे नाव मिळालं. कारखान्याच्या मालकांनी तिच्या मातीचाही खर्च द्यायला नकार दिला. १९३१ साली इंग्लंडात ह्या धुळीवर सरकारी नियम झाले. १९३१ साली, मित्रांनो! म्हणजे बाबासाहेब गोलमेज परिषदेत लंडनला आपली बाजू मांडत होते, त्याच वर्षी त्याच देशाच्या सरकारला ही धूळ माणूस मारते हे कागदावर माहीत होतं.

त्या रॉचडेलच्या कंपनीचं घराणं म्हणजे टर्नर अँड न्यूअल. त्याच घराण्याचे पाय पुढं मुंबईत पडले. मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना, घाटकोपरला ब्रेकच्या लायनिंगचा कारखाना. इकडचा कामगार नवा, धूळ मात्र जुनीच. ज्ञान जहाजात बसून आलं नाही, यंत्र तेवढं आलं. ज्ञान वरच्या मजल्यावर आणि धूळ खालच्या मजल्यावर ही वाटणी आपल्याला नवी आहे काय? दोन हजार वर्षं हीच वाटणी आपण भोगतोय.

दुसरी गंमत ऐका. कॅनडात क्वेबेक प्रांतात एक गाव होतं, नावच ॲस्बेस्टॉस. खाणीवरून पडलेलं. तिथला माल वर्षानुवर्षं आपल्याकडं यायचा. त्यांच्या स्वतःच्या सरकारी इमारतींतून हेच ॲस्बेस्टॉस जपून काढायचं काम चालू होतं, आणि आपल्याला विकायचंही काम चालू होतं. शेवटी खाणी बंद पडल्या, २०१८ साली कॅनडानं बंदी घातली, आणि २०२० साली त्या गावानं स्वतःचं नाव बदललं. त्यांना नावाची लाज वाटली. आपल्या डोक्यावर पत्रा अजून तसाच आहे. इंग्लंडनं १९९९ ला बंदी घातली. अमेरिकेनं २०२४ च्या मार्चमध्ये क्रिसोटाइलवर, म्हणजे आपल्या पत्र्यात वापरतात त्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, बंदीचा नियम काढला. भारत आजही परदेशातून हा माल मागवणाऱ्यांत अगदी पुढं आहे. साहेबाच्या फुफ्फुसाला जे चालत नाही ते आमच्या फुफ्फुसाला चालतं. ह्याला काय म्हणायचं? मी अडाणी पेंटर. मी ह्याला जात म्हणतो.

कायदा नाही का? आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ॲस्बेस्टॉसिस हा सरकारला कळवायलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत घातला. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा, घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगाराच्या तब्येतीची नोंद चाळीस वर्षं जपून ठेवावी, आजार सिद्ध झालेल्याला एक लाख भरपाई द्यावी. चांगला निकाल आहे, वाचा. पण त्या निकालात मी कुठं आहे? कारखान्यात पत्रा बनवणारा त्यात आहे. तोच पत्रा तीस वर्षांनी घासणारा पेंटर, भोक पाडणारा सुतार, तुकडे उचलणारी बिगारी बाई आणि त्याच्या खाली झोपणारं पोरगं, ह्यांची चाळीस वर्षांची नोंद कोणत्या मालकानं जपून ठेवली आहे? आमचा मालक दर आठवड्याला बदलतो. आमची हजेरी सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेली असते.

माझे वस्ताद होते. ज्यांनी माझ्या हातात पहिला ब्रश दिला ते. १९८६ साली मी सतरा वर्षांचा, त्यांच्याबरोबर कामाला लागलो. कंत्राटदार फुटावर पैसे द्यायचा. जेवढं लवकर घासाल तेवढं लवकर रंगवाल, तेवढे जास्त फूट. म्हणून सुक्यात घासायचो. ओलं करायला वेळ कुणाला? संध्याकाळी वस्तादांच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. ते हसून म्हणायचे, "बघ रे, एका दिवसात म्हातारा झालो." घरी गेलं की वहिनी त्यांचा सदरा दारात झटकायच्या. पुढं वस्तादांना दम लागायला लागला. चार पायऱ्या चढले की बसायचे. दवाखान्यात टीबी म्हणून गोळ्या दिल्या. सहा महिने खाल्ल्या. थुंकीत टीबी कधी सापडला नाही, दम कधी गेला नाही. २००९ साली गेले. मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की त्यांना ॲस्बेस्टॉसनंच मारलं. बिडी ओढायचे, चुन्याची धूळ होती, थिनरचा वास होता. पण हेही लक्षात ठेवा, एकाही डॉक्टरनं त्यांना विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस? आपल्या माणसाचा रोग विचारतात, धंदा विचारत नाहीत. धंदा विचारला तर कारण सापडेल. कारण सापडलं तर कुणाला तरी पैसे मोजावे लागतील.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की कामावर ॲस्बेस्टॉसची धूळ खाऊन जगात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसं मरतात. कुठलंही ॲस्बेस्टॉस असो, पांढरं, निळं, तपकिरी, सगळ्यांनी कॅन्सर होतो. त्यात बिडी-सिगारेट ओढणारा असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कैक पटीनं वाढतो. आणि नवऱ्याचे कपडे झटकणाऱ्या, धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. वहिनींचा दारात झटकलेला सदरा मला त्यामुळंच झोपू देत नाही.

आता पुढच्या रांगेतला पोरगा विचारतोय, म्हणजे आम्ही ह्या पत्र्यात जन्मलो, आता मरणार काय? नाही रे. घाबरवायला मी आलेलो नाही. घाबरलेला माणूस मोर्चालाही येत नाही आणि भिंतही नीट रंगवत नाही. नीट समजून घे. पत्रा शाबूत असेल, तर तंतू सिमेंटनं पकडून ठेवलेला असतो. नुसतं घरात बसून तो तुझ्यावर झडप घालत नाही. धोका धुळीत आहे. जेवढी धूळ, जेवढी वर्षं, तेवढा धोका. अमुक इतकी धूळ चालते अशी सुरक्षित रेघ कोणी आखून दिलेली नाही, म्हणून जितकी कमी तितकी बरी. पण एक दिवस घासलं म्हणजे मेलो असं नाही. आजपर्यंत झालं ते झालं. उद्यापासून थांबवायचं.

पाऊस, ऊन, शेवाळ ह्यांनी जुन्या पत्र्याचं वरचं सिमेंट वर्षानुवर्षं झिजतं. हात फिरवला की पीठ लागतं ना, तिथं तंतू उघडा पडलेला आहे. अशा पत्र्याला रंगाचा चांगला हात दिला तर तंतू कोंडला जातो. म्हणजे रंग देणं ही चांगली गोष्ट आहे! फक्त रंगाच्या आधी आपण जे करतो, ते घासणं, खरवडणं, तीच वाईट गोष्ट आहे. औषध पाजायच्या आधी रोग्याला लाथ घालायची, तसं.

आणि आपण दरवर्षी का घासतो? कारण दरवर्षी स्वस्तातला रंग मारतो. चुन्यात नीळ, नाहीतर डिंकातला भुकटी रंग. एका पावसात सुटतो. पुढच्या एप्रिलला पापुद्रे आलेले असतात, ते काढायला तारेचा ब्रश. गरिबी दोनदा मारते. एकदा खिशात, एकदा छातीत. एकदाच नीट रंग दिला तर काही वर्षं ब्रश हातात घ्यावा लागत नाही. म्हणून वर्गणीतला लाउडस्पीकर एक कमी करा आणि रंग चांगला घ्या. बाबासाहेबांना ऐकू कमी येत नाही.

आता कामाचं बोलतो. लिहून घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्यानं लिहिणाऱ्याच्या शेजारी बसा.

पहिलं. पत्रा जुना आहे आणि काय आहे ते माहीत नाही, तर तो ॲस्बेस्टॉसचाच धरून चाला. आता बिनॲस्बेस्टॉसचेही सिमेंटी पत्रे मिळतात, पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. प्रयोगशाळेतच कळतो. उगाच तुकडा मोडून बघू नका.

दुसरं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर, खरवडायची पत्री, ह्यातलं काही पत्र्याला लावायचं नाही. गाड्या धुतात तो जोराचा पाण्याचा फवाराही नाही. तो सिमेंट सोलून काढतो आणि चिखलातून तंतू सगळीकडं पसरवतो. चिखल वाळला की परत धूळ.

तिसरं. कामाच्या दिवशी पोरं, म्हातारी माणसं लांब. खोलीतले हंडे, अंथरुणं, पाळणा बाहेर काढा. भिंतीच्या पायाशी प्लॅस्टिकचा मोठा कागद अंथरा. घराचे दरवाजे, खिडक्या बंद.

चौथं. हातपंप घ्या, बागेत फवारतात तसला. नवा घ्या, औषध मारलेला नको. पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब. हळू फवारा, पत्रा पूर्ण भिजू द्या. मग ओल्या फडक्यानं किंवा स्पंजानं वरून खाली अलगद पुसा. फडकं वाळू द्यायचं नाही. सुटलेले पापुद्रे ओल्यानंच उचला, जे घट्ट बसलेलं आहे ते राहू द्या, त्यावरून रंग जाईल. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी मारा, एक दिवस थांबा, मग ओलंच पुसा. आणि ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. छाती वाचवायला गेलो आणि डोळे घालवून आलो असं नको.

पाचवं. ही फडकी परत वापरायची नाहीत. ओली असतानाच एका जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड बांधा, वर लिहा. जाळायची नाहीत. ॲस्बेस्टॉस जळत नाही, मघाशीच सांगितलं.

सहावं. रुमाल म्हणजे मास्क नव्हे. करोनातला निळा मास्कही नव्हे. हा तंतू केसापेक्षा शेकडो पट बारीक होतो, कापडातून सरळ जातो. एफएफपी-३ लिहिलेला मास्क घ्या. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर बसत नाही. क्रांतिकारकांनी त्या दिवसापुरती दाढी काढावी, क्रांती थांबणार नाही. मास्क सगळ्यांना परवडत नसेल तर काम करणारे कमी ठेवा. आणि मास्क आहे म्हणून सुकं घासायचं नाही. मास्क शेवटची आड आहे, पहिली आड पाणी आहे.

सातवं. कपडे झटकायचे नाहीत. अंगावरच ओल्या फडक्यानं पुसा, तिथंच काढा, पिशवीत घाला, वेगळे आणि भिजवूनच धुवा. आणि ते ज्याचे त्यानं धुवायचे. आईनं नाही, बायकोनं नाही. समतेची एवढी भाषणं केलीत, एक सदरा धुऊन दाखवा.

आठवं. पत्रा पूर्ण वाळला की रंग. आधी सिमेंटला चालतो तो प्रायमर, वर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन, दोन हात. ऑइल पेंट नको. सिमेंटमधला खार त्याला खातो, फुगे येतात, आणि पुढच्या वर्षी परत खरवडणं आलंच. ब्रशनं नाहीतर रोलरनं द्या. एप्रिलात दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो, रंग लागायच्या आत सुकतो. सकाळी लवकर, सावलीच्या बाजूनं सुरू करा. कापलेल्या कडा, जुनी खिळ्यांची भोकं, तिथं तंतू सगळ्यात उघडा असतो. तिथं रंग दाबून भरा. पताका लावायला नवी भोकं पाडू नका. दोरी खांबाला बांधा.

नववं, आणि हे सगळ्यात मोठ्यानं सांगतो. छपरावर चढायचं नाही! ॲस्बेस्टॉस तुम्हाला तीस वर्षांनी मारेल, छप्पर तीस सेकंदांत. जुना सिमेंटचा पत्रा आवाज न करता तुटतो. खिळ्यांच्या रेघेवर पाय ठेवला की तुटत नाही असं सांगणारा प्रत्येक गावात एक शहाणा असतो. खोटं आहे, त्या रेघेवरही तुटतो. रंग मारलेला पत्रा तर जास्त वाईट, चिरा दिसत नाहीत. छपराला रंग द्यायचा हट्ट सोडा. अगदी जावंच लागलं तर वाशांवर टेकणाऱ्या लांब फळ्या टाकून, दोर बांधून, माहितगार माणसानंच.

दहावं. तुटका पत्रा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ह्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं. हजारो घरांची छपरं गेली. वर टाळेबंदी, खाली उघडं घर, पुढ्यात पावसाळा. तेव्हा फुटलेल्या पत्र्यांचं आपण काय केलं? मी बघितलं. गटारावर झाकण, कोंबड्यांचा खुराडा, न्हाणीचा आडोसा. उरलेला चुरा रस्त्याच्या खड्ड्यात. तो चुरा गाड्यांच्या चाकाखाली अजून दळला जातोय. २०१६ च्या नियमांनी कारखान्यातला ॲस्बेस्टॉसचा कचरा धोकादायक कचऱ्याच्या यादीत घातला. तो पुरायची जागा आपल्याच जिल्ह्यात, तळोज्याला आहे. म्हणजे कारखान्यातला तुकडा विषारी, आणि तोच तुकडा आपल्या दारात आला की भराव! ह्याच्यापुढं तुटका पत्रा ओला करायचा, न मोडता उचलायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात झाकून ठेवायचा. आणि तो घेऊन जा म्हणून नगरपरिषदेत, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज टाकायचा. पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर मारलेली हाक.

हे झालं कसं करायचं ते. पण एवढ्यावर थांबलो तर मी नुसता पेंटर. रंग हा मलम आहे. जखम तशीच आहे. रंगवलेला पत्रा दहा वर्षांनी परत उघडा पडणार. खरा उपाय पत्रा जाण्यात आहे, आणि त्याच्या जागी कौलं नाहीतर बिनॲस्बेस्टॉसचं छप्पर येण्यात. ते आपल्या एकट्याच्या खिशातून होणार नाही. सरकारी घरकुल असो, शाळा असो, अंगणवाडी असो, तिथं नवा ॲस्बेस्टॉसचा पत्रा चढता कामा नये आणि जुना सरकारी खर्चानं, माहितगार माणसांच्या हातून उतरला पाहिजे, ही मागणी आपली आहे. पेंटर, सुतार, बिगारी ह्यांची छाती तपासली पाहिजे आणि केसपेपरवर धंदा लिहिला पाहिजे, हीही मागणी आपली आहे.

तुमच्यातले काहीजण मनात म्हणत असतील, जळतंय काय आणि हा बोलतोय काय. अत्याचार चालू आहेत, आरक्षण कुरतडलं जातंय, आणि हा म्हातारा पत्र्यावर बोलतोय. मित्रांनो, १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. कामाचे तास, खाणीतल्या बाया, मजुराचं आरोग्य, हे त्यांच्या टेबलावरचे विषय होते. त्यांना हे किरकोळ वाटलं नाही. आणि ह्याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा म्हणायचे, २० मार्च १९२७ ला महाडला त्यांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला. पाणी सगळ्यांचं आहे हे सांगायला हजारो माणसं चालत गेली. पाण्यासाठी आपण लढलो. हवेसाठी कोण लढणार? श्वास पण सगळ्यांचाच आहे.

आता तुमचा हिशोब. भिंत मी पावलांनी मोजली. साठ फूट लांब, आठ फूट उंच, म्हणजे ४८० चौरस फूट. पत्रा नागमोडी आहे, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरा, पावणेसहाशे. प्रायमर सहा लिटर. रंग, दोन हात मिळून, अकरा लिटर. मागच्या खोल्या वेगळ्या मोजू. माणसं चार, पंचवीस नकोत. दिवस चार. एक भिजवून पुसायला, एक वाळायला, एक प्रायमरला, एक रंगाला. तारेचे ब्रश शून्य. मघाचे तिन्ही ब्रश मी घेतलेत, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलेत. परत मागू नका. ज्या तीन पोरांवर ओरडलो त्यांनी उद्या सकाळी सहाला माझ्याबरोबर यायचं. मीच शिकवीन. मला वस्तादांनी हात दिला, धूळही दिली. मला तुम्हाला नुसता हात द्यायचा आहे.

आणि एक काम. रंग सुकला की विहाराच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, लहान पोराला वाचता येईल अशा अक्षरांत, पांढऱ्या रंगानं एवढंच लिहायचं: हा पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे, घासू नका, भोक पाडू नका, तोडू नका. खाली वर्ष टाका. उद्या आपण नसू. ही भिंत रंगवायला दुसरी पोरं येतील. आपल्या बापाला कोणी सांगितलं नाही. त्यांना भिंत सांगेल.

जय भीम.